वागणुकीचे मार्क

आमच्या क्लबाच्या चषकावर दरवर्षी जेरल्ड पॉयझरचं नाव कोरलं जायचं, आणि दरवर्षी त्याच संध्याकाळी ग्लेनिस टॅग माझ्या शेजारी उभी राहून भांडी विसळायची. हरलेली माणसं एरवी काहीतरी निमित्त काढून लवकर सटकतात. ग्लेनिस सटकायची नाही. बाह्या सरसावून ती सिंकपाशी यायची आणि म्हणायची, "मी हरले यात या पातेल्याचा काय दोष?"

मी ब्रेंडा ओल्डनो. इल्कस्टनच्या चर्चमागच्या हॉलात दर मंगळवारी पंचवीस-तीस वाढलेली माणसं शिशाच्या शिपायांशी खेळायला जमतात, त्यांचा चहा मी करते. माझा नवरा क्लाइव्ह त्यांतलाच एक. लग्नाआधी त्यानं ही गोष्ट माझ्यापासून लपवून ठेवली होती. मी स्वतः कधी फासा हातात धरला नाही, म्हणूनच वार्षिक स्पर्धेचे मार्क मोजायचं काम सगळ्यांनी एकमतानं माझ्या गळ्यात घातलं. कोण जिंकतं आणि कोण हरतं याचं मला काही सोयरसुतक नाही, अशी त्यांची समजूत होती. ती साफ चुकीची होती.

खेळ तसा सोपा आहे, निदान बघायला. मोठ्या टेबलावर हिरवं कापड, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या, काड्यांची झाडं, चार घरांचं गाव. दोन्ही बाजूंना दोनशे वर्षांपूर्वीच्या राजांची सैन्यं, एकेक शिपाई बोटाच्या पेराएवढा. टेपनं अंतर मोजून त्यांना पुढे सरकवायचं, फासे टाकून मारायचं, आणि मेलेल्यांना उचलून डब्यात ठेवायचं. एक लढाई दोन-अडीच तास चालते. तेवढ्या वेळात मी स्वयंपाकघरात वाटाण्याचा घट्ट रगडा शिजवून ठेवते. त्यावर पुदिन्याचं आंबट पाणी घातलं की हे सगळे सेनापती लहान मुलांसारखे रांगेत उभे राहतात.

खरी गंमत मार्कांत आहे. शंभरांपैकी साठ मार्क लढायांचे. एका शनिवारी तीन लढाया, प्रत्येकीचे वीस मार्क दोघांत वाटले जातात. पंचवीस मार्क शिपायांच्या रंगकामाचे. उरलेले पंधरा वागणुकीचे. लढाई संपली की समोरच्यानं तुम्हाला पाचपैकी मार्क द्यायचे, चिठ्ठीची घडी करून बिस्किटांच्या डब्यात टाकायची, आणि तो डबा फक्त मी उघडायचा. नुसत्या जिंकण्याला मार्क दिले तर हॉलात भांडणं होतील, या भीतीनं जुन्या लोकांनी हा नियम केला होता. भांडणं थांबली, हे खरं. त्याऐवजी माणसं गोड हसत एकमेकांचे पाय ओढायला शिकली.

या विद्येत जेरल्ड पॉयझरचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचं गालिच्यांचं दुकान. उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हणाला नसेल. त्याच्या फ्रेंच सैन्यातल्या प्रत्येक शिपायाला वेगळी मिशी होती, आणि ती त्यानं एका केसाच्या ब्रशनं रंगवलेली होती. रंगकामाचे चोवीस मार्क त्याला सकाळी हॉलात पाऊल टाकतानाच मिळाल्यासारखे असायचे. समोरच्यासाठी तो बायकोनं केलेला आल्याचा केक आणायचा. तुम्ही त्याची पलटण कापून काढलीत तर टाळी वाजवून "वा राजा, काय चाल केलीस!" म्हणायचा. जिंकायचा तोही थोडक्यात, हरायचा तोही थोडक्यात, आणि प्रत्येकाला सांगायचा, "आपण काय, मजेसाठी खेळतो."

पण दरवर्षी दुसरी लढाई संपली की हाच माणूस स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला विचारायचा, "ब्रेंडा, सहज विचारतो गं, माझे साधारण किती झाले?" मजेसाठी खेळणाऱ्याला हा प्रश्न दरवर्षी कसा पडतो, ते मला कोणी समजावून सांगावं.

ग्लेनिसला असले प्रश्न पडत नसत, कारण तिला उत्तर ठाऊक असायचं. ती इल्कस्टन ते नॉटिंगहॅमची बस चालवायची. डेपोत बायका कमी होत्या तेव्हापासूनची ड्रायव्हर. वेळ झाली की ती बस सोडायची. कोणी धावत येत असेल तरी सोडायची, मग तो महापौर असो की तिची सख्खी भावजय. भावजयीला तिनं खरोखरच एकदा भर थंडीत स्टॉपवर ठेवलं होतं आणि त्या ख्रिसमसला घरात दोघींचं बोलणं नव्हतं. पण एक होतं. वेळेआधी ती कधी निघाली नाही. तिच्या मार्गावरची माणसं तिला शिव्या द्यायची आणि तिच्या बसवर घड्याळ लावायची.

बाप खाणकामगार. पाच भावंडांत ही शेंडेफळ. सांजच्याला बाप सोंगट्यांचा पट मांडून बसायचा आणि पोरांना एकापाठोपाठ एक हरवायचा. बाकीची चार कंटाळून उठून गेली. ही मात्र वर्षानुवर्षं रोज हरत राहिली, आणि अकराव्या वर्षी एका संध्याकाळी जिंकली. तेव्हा म्हणे बाप तसाच अनवाणी रस्त्यावर गेला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची दारं वाजवत सांगत सुटला. ही गोष्ट ती फार क्वचित सांगायची, पण सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

क्लबात ती आली तीही भांडायलाच. कोणीतरी शिपायांचा डबा तिच्या बसमध्ये विसरला होता. तो आणून आपटायला ती हॉलात आली. "ही कुणाची पिल्लावळ? माझी शेवटची फेरी खोळंबली हिच्यापायी!" असं ओरडली आणि मग क्लाइव्हच्या टेबलापाशी जरा थबकली. थोडा वेळ बघून म्हणाली, "अहो, तुमची ती तोफ टेकडीच्या मागे आहे. तिला समोरचं दिसतंय तरी का?" सगळ्यांनी वाकून, एक डोळा मिटून पाहिलं. तोफेला काही दिसत नव्हतं. क्लाइव्ह ती लढाई हरला आणि क्लबाला एक नवी सभासद मिळाली.

तिनं ऑस्ट्रियाचं सैन्य निवडलं, ते केवळ त्यांच्या पायदळाचे कोट पांढरे असतात म्हणून. फवारणीच्या डब्यानं सगळ्यांना एकदम पांढरं केलं, टोप्या आणि बूट काळे, आणि संपलं रंगकाम. चेहऱ्यांना डोळेसुद्धा नव्हते. परीक्षक दरवर्षी तिला पंचवीसपैकी नऊ द्यायचे, आणि ती म्हणायची, "नऊ पुष्कळ झाले. मी सात दिले असते."

पण तिचं घोडं पेंड खायचं ते वागणुकीपाशी. आमच्याकडे एक रीत आहे. चाल करून झाल्यावर कोणाला आठवलं, 'अरे, माझी ती पलटण हलवायची राहिलीच,' तर समोरचा म्हणतो, 'घे रे परत, त्यात काय.' सगळे असंच खेळतात. ग्लेनिस नाही. टेबलावरून हात उचलला की चाल झाली, हा तिचा कायदा. कोणी गयावया केली तरी ती परत घेऊ द्यायची नाही, आणि स्वतःची चूक झाली तर मेली तरी परत मागायची नाही. त्यामुळे लढायांत तिला साठांपैकी पन्नासच्या वर मार्क पडायचे आणि डब्यातून निघायच्या तीन चिठ्ठ्या. एक, एक आणि एक. पंधरापैकी तीन. जेरल्डला नेहमी पंधरापैकी पंधरा, आणि त्यांतले पाच बहुतेक वेळा ग्लेनिसनंच दिलेले. मी एकदा न राहवून तिला विचारलं, "तू त्याला पाच का देतेस गं?" तर म्हणाली, "माझ्याशी तो कधी वाईट वागलाय का? नाही ना? मग पाच."

त्या वर्षी मार्च महिन्यात जेरल्डनं सभेत एक ठराव मांडला. पुढच्या वर्षापासून लढायांचे मार्क तीस करायचे आणि वागणुकीचे पंचेचाळीस. "आपण शेवटी मित्र आहोत," तो म्हणाला. भराभर हात वर झाले. माझ्या क्लाइव्हचाही झाला, त्याबद्दल त्याला घरी काय ऐकावं लागलं ते सांगत नाही. सभेनंतर ग्लेनिस भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही."

"अगं, एका चषकाचं एवढं काय घेऊन बसलीस?"

"मला तो हवाय, ब्रेंडा. सगळे म्हणतात, मजेसाठी खेळतो. खेळा बापडे. मला मजा जिंकण्यात येते. मला तो माझ्या पुढच्या खोलीच्या खिडकीत ठेवायचाय, रस्त्यावरून दिसेल असा."

इतकं सरळ मागणं त्या हॉलात मी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला ती त्या क्षणी फार आवडली.

स्पर्धेच्या शनिवारी सकाळी तिनं पहिल्या लढाईत आमच्या क्लबातल्या खाटकाला असं काही झोडपलं की वीसच्या वीस मार्क तिचे. खाटकानं चिठ्ठी लिहिली, घडी केली आणि डब्यात अशी टाकली की ती न उघडताही मला आकडा कळला. मग दुसऱ्या लढाईच्या जोड्या लागल्या आणि हॉलातल्या माना एकदम वळल्या. ग्लेनिससमोर विल्फ कट्स आला होता.

विल्फ आमच्यातला सगळ्यांत जुना. लोखंडाच्या कारखान्यात ओतकाम करायचा. एके काळी फार कावेबाज खेळाडू. समोरच्याला खड्ड्यात पाडलं की छत दणाणेल असा हसायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवा हात गेला, तोंडाची एक बाजू उतरली, शब्द जड झाले. तरी मंगळवार चुकवायचा नाही. आणि तेव्हापासून हॉलात कोणी न बोलता एक नियम झाला होता, की विल्फशी जरा सांभाळून. त्याची बाजू उघडी पडली तर तिकडे बघायचंच नाही. आपला फासा चांगला पडला तर "गेला, गेला, वाया गेला" म्हणत पटकन उचलून घ्यायचा. तो थोडक्यात जिंकेल किंवा बरोबरी होईल इतपत ढिलं सोडायचं. आणि मंगळवारी त्याची गाठ ग्लेनिसशी पडू नये, हेही सगळे बघायचे. मलाही तेव्हा यात काही वावगं वाटत नव्हतं. मी स्वतः त्याच्या पावाच्या कडा कापून द्यायचे.

क्लाइव्ह ग्लेनिसपाशी जाऊन कुजबुजला, "अगं, विल्फ आहे. जरा सांभाळून घे."

"काय सांभाळू? त्याच्या तोफा?"

"तसं नाही गं. कळतंय तुला मी काय म्हणतो ते."

"नाही कळत. सकाळी तू त्याच्याशी हरलास ना? कोणत्या चालीवर हरलास?"

क्लाइव्हला एक चाल सांगता येईना.

लढाई सुरू झाली. विल्फचा उरलेला डावा हात थरथरायचा, म्हणून त्याचे रशियन शिपाई समोरच्यानं हलवायचे असा रिवाज होता. ग्लेनिसही हलवत होती, पण तिची तऱ्हाच निराळी.

"डावीकडे," विल्फ जड जिभेनं म्हणाला. "आणखी. तिथं."

"इथं?"

"तिथं म्हणालो ना."

"मग नीट सांग की. मी काय तुझ्या मनात शिरून बसलेय? गावाच्या पुढे का मागे?"

"मागे, बाई! मागे!"

"हं. आता कसं बोललास."

आजूबाजूची टेबलं आपापली लढाई सोडून इकडे बघायला लागली. थोड्या वेळानं विल्फनं आपलं घोडदळ सगळंच्या सगळं गावाकडे धाडलं आणि त्याची डावी बाजू उघडी पडली. हे मला दिसलं, म्हणजे बघा. खाटकाला राहवलं नाही. "विल्फ, राजा, डावीकडे एकदा बघतोस का?" तो म्हणाला.

ग्लेनिस गर्रकन वळली. "डोळे आहेत त्याला. आणि खेळतोय तो, तू नाहीस. तू सकाळीच हरलास."

"अगं पण जरा माणुसकी..."

"विल्फ, चाल झाली तुझी?"

विल्फनं टेबलावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाला, "झाली."

ग्लेनिसनं टेप लावली आणि तिचे पांढरे, बिनडोळ्यांचे घोडेस्वार त्या उघड्या बाजूनं आत शिरले. पुढे जे झालं त्याला लढाई म्हणवत नाही. तोफा गेल्या, पायदळ पळालं, घोडदळ गावात कोंडलं गेलं. पळणारे शिपाई टेबलावरून उचलायचे असतात. विल्फला ते जमेना, म्हणून तेही ग्लेनिसनं स्वतःच्या हातानं एकेक करून उचलले आणि त्याच्यासमोर ओळीनं मांडले. वीस विरुद्ध शून्य. हॉलात कोणी कोणाकडे बघेना. विल्फ डाव्या हातानं चिठ्ठीवर काहीतरी लिहीत होता आणि त्याला फार वेळ लागत होता.

ती चहाला आली तेव्हा मी रगड्याचा डाव पातेल्यात आपटला. "तुझ्या छातीत काय आहे गं? बसचं इंजिन?"

"काय झालं?"

"काय झालं म्हणून विचारतेस? त्या अर्ध्या माणसाला इतकं लोळवायची गरज होती? दहा-दहा करून सोडला असतास तर तुझं काय जात होतं?"

"तो खेळायला आला होता, ब्रेंडा. मी खेळले."

"आता तो तुला शून्य देईल. देईलच. आणि माझं विचारशील तर बरोबर करेल."

"देऊ दे," ती म्हणाली. "त्याचा हक्क आहे." तिनं उभ्याउभ्याच चहा संपवला. रगड्याला हात लावला नाही, आणि कप ठेवताना तो बशीवर वाजला. तिला चषक किती हवा होता ते मला ठाऊक होतं, तरी माझा राग काही उतरला नाही.

तिसरी लढाई जेरल्डशी. सगळा हॉल त्या टेबलाभोवती जमला, आणि जमलेला प्रत्येक माणूस जेरल्डच्या बाजूचा होता. त्यानं केक पुढे केला. ग्लेनिसनं तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "केक झकास आहे. तुझी चाल."

बघ्यांची मर्जी राखता राखता जेरल्डचा घात झाला. तो खाटकाशी बोलत होता, क्लाइव्हला कोपरखळी मारत होता, ग्लेनिसच्या तोफांची स्तुती करत होता, आणि या सगळ्यात टेकडीमागे उभी ठेवलेली आपली सगळ्यांत तगडी राखीव पलटण पुढे आणायलाच विसरला. फासे हातात घेतल्यावर त्याला आठवलं.

"अरेच्चा! माझे गार्ड राहिलेच की. ग्लेनिस, चालेल ना, राणी?"

"नाही."

जेरल्ड हसला, पण बघ्यांकडे बघून हसला. "नाही तर नाही. आपण काय, मजेसाठीच खेळतोय."

ग्लेनिसनं मधली फळी फोडली. गार्ड पुढे येईपर्यंत फ्रेंचांची दाणादाण उडाली होती. शेवटी तिची एक तोफ थेट त्या गार्डांवर रोखली गेली. ती लागली तर वीसच्या वीस मार्क. तिनं टेप लावली. तोफेचा पल्ला अर्ध्या नखानं कमी पडत होता. इतकं बारीक, की मला तर ते दिसतच नव्हतं.

"दिलं गं," जेरल्ड मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अर्ध्या नखाचं काय एवढं? टाक फासे."

"पोचत नाही."

"अगं, मी देतोय ना!"

"तू कोण देणारा? टेप म्हणते पोचत नाही, म्हणजे पोचत नाही." आणि तिनं तोफ तशीच सोडली.

जेरल्डच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदा हललं. सगळ्यांदेखत उदार व्हायची एवढी नामी संधी, आणि या बाईनं ती घेऊ दिली नाही. गार्ड बचावले. लढाई सोळा विरुद्ध चार अशी सुटली. जिंकली ग्लेनिस, पण ते चार मार्क तिनं स्वतःच्या हातानं घालवले होते.

मी डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले. मागोमाग जेरल्ड आलाच. "ब्रेंडा, सहज विचारतो गं..." मी त्याच्या तोंडावर दार लावलं. इतक्या वर्षांची इच्छा पुरी झाली.

जेरल्डचं आधी मोजलं. लढायांचे एकतीस, रंगाचे चोवीस, वागणुकीचे पंधरा. त्या पंधरांतले पाच ग्लेनिसचे, नेहमीप्रमाणे. एकूण सत्तर. मग ग्लेनिसचं घेतलं. लढायांचे छप्पन्न, रंगाचे नऊ. झाले पासष्ट. म्हणजे तिला चिठ्ठ्यांतून सहा तरी हवे होते, आणि मिळायचे तिला तीन. खाटकाची चिठ्ठी उघडली. एक. जेरल्डची उघडली. एक, आणि शेजारी हसरा चेहरा काढलेला. माझा संताप झाला. नक्की कोणावर, ते कळेना. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि मी मुकाट बेरजा करत आले होते. तिसरी चिठ्ठी विल्फची. वेडावाकडा, डाव्या हातानं कोरल्यासारखा एकच आकडा. पाच.

मी ती उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. दिव्याखाली धरली. मग पुन्हा सगळी बेरीज केली, आणि पुन्हा तेच आलं. बहात्तर.

बाहेर जाऊन मी खुर्चीवर चढले आणि जितक्या मोठ्यानं ओरडता येईल तितक्या मोठ्यानं निकाल सांगितला. "जेरल्ड पॉयझर, सत्तर. ग्लेनिस टॅग, बहात्तर. चषक ग्लेनिसचा!"

टाळी वाजली नाही. आणि मग गर्दीतून एकच आवाज आला, तोही ग्लेनिसचा.

"चुकलंय. मोज परत."

"दोनदा मोजलंय."

"तिसऱ्यांदा मोज. माझे पासष्ट आणि वागणुकीचे तीन. अडुसष्ट होतात. मला तीन मिळतात, ब्रेंडा. दरवर्षी तीन." हे ती भर हॉलात, सगळ्यांसमोर बोलली. तिच्या आवाजात रडगाणं नव्हतं, नुसता हिशेब होता, आणि त्यामुळेच खाटकानं मान खाली घातली. "मला कोणाची भीक नको. चूक असेल तर आत्ताच दुरुस्त कर."

चिठ्ठ्या गुप्त असतात. मी काय सांगणार? तेवढ्यात मागच्या बाजूनं काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

"पाच माझे आहेत," विल्फ म्हणाला.

सगळे वळले. ग्लेनिस त्याच्याकडे गेली आणि समोर उभी राहिली. "कशाचे पाच? तुझा एक शिपाई मी टेबलावर ठेवला नाही."

"म्हणून तर."

"म्हणून तर काय? नीट सांग."

विल्फ काठीच्या आधारानं उठला. त्याला बोलायला वेळ लागायचा, आणि एरवी कोणीतरी मध्येच त्याचं वाक्य पुरं करून टाकायचं. आज कोणी केलं नाही.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "दोन वर्षांत मी या हॉलात एकदाही हरलो नाही. धडधाकट होतो तेव्हा निम्म्या लढाया हरायचो. अर्धं अंग गेलं आणि मी एवढा थोर सेनापती कसा झालो, याचं मलाच नवल वाटत होतं." तो थांबला, आणि त्याची नजर सगळ्यांवरून फिरली. खाटकावरून, क्लाइव्हवरून, जेरल्डवरून, माझ्यावरूनसुद्धा. "तुम्ही चांगली माणसं आहात. पण मी घरी जाऊन रडायचो. मला वाटायचं, मी मेलोच आहे, आणि हे लोक मला सांगायचं टाळतायत."

क्लाइव्हनं चष्मा काढला आणि उगीचच पुसत बसला.

"आज हिनं मला धुतलं," विल्फ म्हणाला. "माझी बाजू उघडी होती, आणि ही आत घुसली. कारण ती खरंच उघडी होती! दोन वर्षांत माझ्याशी लढलेली ही एकटी. याला जर वागणूक म्हणत नसाल तर तुमचा तो डबा फेकून द्या."

पहिली टाळी कोणाची ते सांगते, कारण ते सांगायलाच हवं. ती जेरल्डची होती. तो लाल झाला होता, ओठ आवळलेले होते, पण टाळ्या मात्र तो जोरजोरात वाजवत होता, आणि त्या वेळी तो कोणाकडेही बघत नव्हता. मग खाटकानं वाजवल्या. मग सगळा हॉल लाकडी जमिनीवर पाय आपटायला लागला. टेबलांवरचे शिपाई धडाधड पडले, माझ्या कपाटातल्या बश्या वाजल्या, आणि मी खुर्चीवर उभी राहून वेड्यासारखी ओरडत होते. मला कोणी जिंकल्याचं सोयरसुतक नाही असं म्हणणाऱ्यांनी ते बघायला हवं होतं.

ग्लेनिसनं चषक घेतला. तो तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. मग ती पुन्हा विल्फपाशी गेली.

"मंगळवारी येतोयस ना?"

"येणार म्हणजे येणारच," विल्फ म्हणाला. "आणि सांगून ठेवतो, या वेळी डावी बाजू अशी बांधून काढीन की तुझ्या बापालासुद्धा आत शिरता यायचं नाही."

"बांध ना," ग्लेनिस म्हणाली. "मी उजवीकडून येईन."

विल्फनं मान मागे टाकली आणि अर्ध्या तोंडानं असा हसला की छत दणाणलं.